कारब्याच्या तळाशी

१

काशीराम गाळ्याच्या दारात आडवा पडला होता आणि त्याची कॉलर धाकूकाकाच्या मुठीत होती.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या त्या गाळ्यात हर्षदला पहिलं दिसलं ते हे. दुसरं दिसलं नाही, थेट नाकात घुसलं. आतून पांढरा धूर सरपटत येत होता आणि त्याचा दर्प असा की डोळ्यांत कुणी सुया टोचाव्यात.

"बघतंस काय? उचल तेका!" काका खोकत ओरडला.

दोघांनी मिळून काशीरामला उचललं. तेवढ्यात ऑफिसातून नाकावर रुमाल दाबून मालक निमेशभाय धावत आला. ड्रायव्हर विकीने टेम्पो दाराशी लावला. सकाळचे सव्वादहा वाजले होते. पावणेअकराला काशीरामच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि डॉक्टर बाहेर येऊन विचारत होते, "कुठला गॅस होता?"

"गॅस कुठला, डॉक्टरसाहेब?" निमेशभाय म्हणाला. "सल्फ्युरिक ॲसिड भरत होता तो. बॅटरीवाल्यांना लागतं ते, पाणी न घातलेलं. मोठ्या कारब्यातनं दुसऱ्या कारब्यात. तीस वर्षं करतोय तेच काम."

"नुसत्या थंड सल्फ्युरिकला धूर येत नाही. त्यात अजून काहीतरी पडलंय. काय ते शोधा आणि मला कळवा. फुप्फुसाला सूज यायची असेल तर उद्यापर्यंत कधीही येऊ शकते. त्याआधी कळलेलं बरं."

डॉक्टर आत गेले. निमेशभायने रुमाल खिशात ठेवला आणि धाकूकाकाकडे न बघता म्हणाला, "हॉस्पिटलमधून पोलिसांना फोन गेलाय. पाच वाजता ते गाळ्यावर येणार. मी जे बघितलं तेवढंच सांगणार, धाकूकाका."

"काय बघितलंस?"

"तुमचा हात. त्याच्या गळ्यावर."

२

हर्षद सव्वीस वर्षांचा. एका कुरिअरवाल्याकडे दिवसभर पार्सलांवर पत्ते चिकटवायचा आणि उरलेल्या वेळात शब्दांचे पत्ते शोधायचा. रद्दीवाल्याकडून फाटके शब्दकोश आणायचे, वाचायचे आणि फोनवर रोज एका शब्दाची गोष्ट टाकायची. शंभर-सव्वाशे जण वाचायचे, त्यातले अर्धे नातेवाईक. आजचा शब्द होता 'कारबा', म्हणजे ॲसिड भरायची ती भलीमोठी बाटली. काका आयुष्यभर कारबे भरत आलेला, म्हणून त्याच्याकडे आला होता. आला तो हे बघायला.

हॉस्पिटलच्या बाकावर काका तंबाखू मळत बसला होता. डबीतला चुना तो नखाने काढत होता.

"काका, खरं सांग. काशीरामचं नि तुझं काय बिनसलंय?"

"तेना निमेशाक सांगल्यान, धाकूच्या डोळ्यांक दिसना नाय, तेका घराक बसव." काकाने तंबाखूवर थाप मारली. "तीस वर्सां एका बाकार बसान जेवलो आमी. पंदरा दिस झाले, एक शब्द बोलूक नाय."

"निमेशभाय म्हणतो, त्याचा डबापण तू दडवून ठेवलायस."

"दडवन?" काका भडकला. "गाळ्यातल्या फळीर उघड्यार आसा डबो! भांडणाच्या आदल्या दिसा तेना तेतून चवळीची उसळ दिलेल्यान. आता रिकामो डबो कसो परत देवचो? आणि भरान देवक माझो हात वळना नाय. म्हणान रवलो थयच."

हर्षदची भीती डब्याची नव्हती. काकाच्या डोळ्यांना खरंच कमी दिसायचं. मागच्या गणपतीत त्याने चहात साखरेऐवजी रवा घातला होता. सगळे हसले होते तेव्हा. सांडलेल्या ॲसिडवर टाकायला गाळ्यात सोड्याची गोण असते. काकाने चुकून...

"काका, तू काशीरामच्या कारब्याला हात लावलास?"

काकाने मान वर करून पुतण्याकडे बघितलं.

"तुकाव तसाच वाटता?"

३

बारा वाजता निमेशभायने गाळा उघडला. धूर निवला होता, पण भिंतींना दर्प चिकटलेला होता. मध्ये निळ्या प्लास्टिकचा कारबा तसाच उभा होता, पाव भरलेला, तोंडात फनेल. शेजारी सोड्याची गोण फाडलेली.

"हात लावायचा नाही," निमेशभाय म्हणाला. "ही गोण बघ. सकाळी शिवलेली होती. काकांनी फाडली."

"कधी?"

"मी आलो तेव्हा फाटलेलीच होती. आधी की नंतर, देव जाणे. कारब्यात सोडा टाकला असणार."

"सोडा टाकला तर काय होतं?"

"फेस येतो. भसाभस."

"आणि वास?"

"वास... नाही येत."

हर्षद गाळाभर फिरला. डावीकडे वापरलेले कारबे धुऊन उलटे घातलेले, उजवीकडे कोरे करकरीत, झाकणं घट्ट लावलेले.

"हे नवे धुवत नाही?"

"वेडा झालास? आत पाण्याचा थेंब राहिला तर ॲसिड उसळतं. नवा कोरा कारबा सरळ भरायचा. काशीरामने उजवीकडचाच घेतला होता, जागा रिकामी दिसतेय बघ."

ऑफिसच्या कोपऱ्यात एक जुना काचेचा कारबा होता. फुगीर पोट, चिंचोळा गळा आणि बाहेरून वेताचं विणकाम. गळ्यात प्लास्टिकचं फूल खोचलेलं.

"आजोबांचा," निमेशभाय म्हणाला. "त्यांच्या वेळी ॲसिड असल्यातनं यायचं."

"त्याच्याही आधी यातनं गुलाबपाणी यायचं," हर्षद नकळत बोलून गेला. "दारू, सरबत. शब्द फारसीतला आहे, कराबा. मोठी बाटली. इंग्रजीत त्याचा कारबॉय झाला आणि पुढे त्यात ॲसिड भरायला लागले. पण मुळात हे पाहुण्यांसाठीचं भांडं. घरातलं."

"तिकडे माणूस मरतोय आणि तू डिक्शनरी उघडून बसलायस!"

हर्षदचे कान लाल झाले. पण आता तोंड उघडलंच होतं. "निमेशभाय, गाळा विकायला काढलाय ना तुम्ही? दोन जुनी माणसं आपसूक गेली तर तुमचं बरंच होईल."

निमेशभाय आधी लाल झाला, मग हसला. "बेटा, मंगळवारी गिऱ्हाईक बघून गेलं. आज सकाळी बातमी कळली तसा फोन आला, नको म्हणाले. जिथे माणूस पडला तो गाळा कोण घेतो? माझी वाट लागलीये, समजलं?"

हे खरं होतं. हर्षदने मान खाली घातली. "वास कसला होता तो? नीट आठवा."

"संडास साफ करायचं ॲसिड नसतं का? तसा. आमच्या धंद्यात जुनी माणसं ह्या आमच्या ॲसिडला गंधकाचं तेजाब म्हणतात आणि त्या संडासवाल्याला मिठाचं तेजाब."

"मिठाचं का?"

"नाव आहे ते. मला काय माहीत का!"

हर्षदला मात्र नावं उगाच पडतात हे पटत नसे. कुठलंही नाव बघितलं की त्याला त्यामागचं माणसाचं काम दिसायला लागायचं. त्याने फोन काढला, दोन-तीन ठिकाणी वाचलं आणि फोन निमेशभायपुढे धरला.

"निमेशभाय, ते मिठापासून करायचे म्हणून मिठाचं. मीठ घ्यायचं आणि त्यावर गंधकाचं तेजाब ओतायचं. धूर निघतो, तो धूर म्हणजेच..." त्याने निळ्या कारब्याकडे बोट दाखवलं. "याच्या तळाशी मीठ होतं."

निमेशभायने फनेल हळूच उचलून टॉर्च मारला. गळ्याच्या आत एका बाजूला पांढरा खडा चिकटलेला होता. ॲसिडच्या रेषेच्या वर राहिला म्हणून वाचलेला.

त्याने टॉर्च विझवला. "मग तर झालंच. मीठ इथे येतं ते डब्यातूनच, आणि जेवणाचे डबे या गाळ्यात दोघंच आणतात. एक हॉस्पिटलात आहे. उरला कोण, तूच सांग."

४

दुपारचे अडीच. काका गाळ्याच्या पायरीवर येऊन बसला होता. धूर बघून सोडा टाकायला गोण आपणच फाडली, एवढं त्याने सांगितलं होतं. कुणी हाकललं नव्हतं, पण आत ये असंही म्हटलं नव्हतं. हॉस्पिटलमधून निरोप आला होता की काशीरामचा श्वास घरघरतोय.

हर्षद उकिडवा बसून कारब्याकडे बघत होता. मीठ सांगून काकाला सोडवायचं होतं, झालं उलटंच. वापरलेला कारबा असता तर धुतला गेला असता. नवा असला तर आत काही नसतंच. मग नव्यांच्या रांगेत मीठ घेऊन कोण उभं होतं?

तेव्हा त्याला मुठीवरचा डाग दिसला. कारबा उचलायची जी मूठ असते, तिच्या खालच्या अंगाला. पिवळा, चार बोटांचा.

"गंधक असेल," निमेशभाय म्हणाला.

"गंधक इथे येतं कुठे?"

"मग रंग. मला काय विचारतो!"

गुलाबपाणी, सरबत, मग ॲसिड. हर्षदच्या डोक्यात सकाळपासून तोच प्रवास घोळत होता. घरातून कारखान्यात. हा कारबापण तसाच आला असेल तर? आधी कुणाच्या तरी घरी जाऊन?

"काका, चुन्याची डबी दे."

"आता तंबाखू खातलंस?"

"दे रे."

बोटाच्या टोकावर त्याने चुना घेतला, थुंकीने ओला केला आणि त्या पिवळ्या डागावर घासला. तिघेही बघत होते. पिवळा डाग बोटाखाली लालभडक झाला.

काकाच्या तोंडून आलं, "कुंकू!"

"हळद," हर्षद म्हणाला. "हळदीला चुना लागला की कुंकू होतं. हा कारबा हळदीच्या घरी जाऊन आलाय."

निमेशभायने भुवया वर केल्या. "इथे कुणाचं लग्न आहे? काशीरामच्या मुली कधीच्या उजवल्या. काकांना तर मूलच नाही."

बाहेर टेम्पो थांबल्याचा आवाज आला. विकी उतरला. काशीरामची औषधं पोचवून आला होता. माहुलच्या कोळीवाड्यातला पोरगा, अंगाने दणकट, कायम गाणं गुणगुणणारा. आज गप्प होता. दारात उभा राहून त्याने घाम पुसला आणि हर्षदला त्याची नखं दिसली.

दहाच्या दहा नखांच्या कडा पिवळ्या.

५

"विकी, रविवारच्या सुट्टीत कुठे होतास रे?"

"मी? घरी. का?"

"हळद कुणाची होती?"

विकीने हात मागे नेले. तेवढं पुरलं. निमेशभाय एका ढांगेत त्याच्यासमोर गेला. "तू? तू मारलंस काशीरामला? गेल्या महिन्यात त्याने तुझी तक्रार केली म्हणून?"

"आईशपथ, शेठ! मी कशाला मारू म्हाताऱ्याला!" विकी रडायलाच लागला. "मावशीच्या नमिताची हळद होती. कोकम सरबताला मोठं भांडं पुरेना. मावशी बोलली, एक कारबा आण ना रे. म्हणून नवा कोरा उचलून नेला. विचारलं नाही, चुकलं. काल परत आणून ठेवला नव्यांत. मावशीने स्वच्छ धुऊन सुकवून दिला होता, आईशपथ. धूर बघितला तेव्हा वाटलं, पाणी राहिलं असेल, माझ्यामुळे झालं. म्हणून बोललो नाही."

"आणि मीठ?"

"कसलं मीठ?"

"आत मीठ होतं, विकी."

"मी झाकण उघडलंच नाही! घट्ट होतं, तसंच आणून ठेवलं." तो एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. "मीठ कोण टाकेल? मावशी? तिने काशीरामला कधी बघितलंपण नाही!"

निमेशभायने कपाळाला हात लावला. "हा खोटं बोलतोय."

हर्षदची नजर फळीवर गेली. पितळी डबा. काशीरामचा. पंधरा दिवस तिथेच बसलेला, कारण रिकामा द्यायचा नाही आणि भरून द्यायचं मन होत नाही.

"विकी," तो हळूच म्हणाला, "मावशीला फोन लाव. स्पीकरवर. आणि इथे काय झालंय ते एक अक्षर सांगू नकोस."

फोन वाजला. पलीकडे कोंबड्या, भांडी, कुणीतरी हसत होतं. मग खणखणीत आवाज आला. "बोल रं विकी! कारबा दिलास नं शेठला?"

"दिला, मावशी," विकी म्हणाला.

हर्षद पुढे झुकला. "मावशी, मी विकीचा दोस्त, हर्षद. कारबा रिकामाच पाठवलात ना?"

कमळमावशी हसली, थोडी दुखावल्यासारखी. "रिकामा? लग्नाचे घरशी भांडा रिकामा पाठवू? बरा दिसतं का रं ते? घासून धुतला, दिवसभर उन्हान सुकवला, नि तळाला चार मुठी मीठ टाकला. बुंदीचं लारू टाकलं असतं तं त्या चिंचोल्या गल्यातनं काय गेलं नसतं. म्हटलं मीठ जाईल. शेठला सांग, गोर मानून घे."

वर पंखा घरघरत होता. सकाळीही तो असाच घरघरत असणार. म्हणूनच तळाला खुळखुळलेलं मीठ काशीरामला ऐकू आलं नाही.

"का रं, गप का झालांव?" मावशी म्हणाली. "कमी परला का मीठ?"

विकीने तोंडावर हात दाबला. निमेशभाय भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. शेवटी पायरीवरून धाकूकाका उठला, आत आला आणि फोन हातात घेतला.

"नाय गे बाय," तो म्हणाला. "पुष्कळ झाला."

डॉक्टरांना फोन निमेशभायनेच केला. डॉक्टर म्हणाले, बरं झालं सांगितलंत, आता उद्यापर्यंत मी याला नजरेआड करत नाही.

पाच वाजता दोन पोलीस आले. निमेशभायने त्यांना खुर्च्या दिल्या. "काय बघितलंत?" त्यांनी विचारलं. तो धाकूकाकाकडे वळला, आणि या खेपेला त्याने नजर चुकवली नाही.

"धाकूकाकांनी काशीरामला धुरातनं ओढून काढलं," तो म्हणाला. "कॉलर धरून. मी डोळ्यांनी बघितलं."

६

त्या रात्री काशीरामच्या फुप्फुसाला सूज चढली. शुक्रवारी उतरली. शनिवारी विकीने माहुलला जाऊन मावशीला स्वतः सांगितलं. हर्षद म्हणाला होता, मी येतो सोबत. विकी म्हणाला, नको, माझं मी सांगतो. मावशीने ऐकलं. मासळीची टोपली खाली ठेवली आणि तशीच हॉस्पिटलला आली. वॉर्डाबाहेर तीन तास बसून राहिली, आत पाऊल टाकेना. काशीरामला कळलं तेव्हा त्याने खुणेने तिला बोलावून घेतलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "पोरीचं लग्न नीट झालं ना?" तिथे मात्र ती बांध फुटल्यासारखी रडली.

रविवारी धाकूकाका आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पितळी डबा. तो पलंगाजवळ उभा राहिला. सोबत आलेल्या हर्षदने डब्याचं झाकण उघडलं. आत उकड्या तांदळाची पेज होती, वाफाळती.

"डबो देवचो रवलेलो," काका शेवटी म्हणाला.

काशीरामने चमचा घेतला. एक घोट घेतला. दुसरा घेतला. मग काकाकडे बघितलं. अठरा-एकोणीस दिवसांत पहिल्यांदा.

"अळणी आहे रे, धाकू."

काकाने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. "आणलंय. पण घालूक भियालंय."

काशीराम हसायला गेला, त्याला ठसका लागला, नर्स धावत आली. तो हाताने तिला थांब म्हणाला. श्वास खाली बसल्यावर त्याने डबा काकापुढे सरकवला.

"घाल," तो म्हणाला. "पण मीठच आहे ना बघ आधी. तुला दिसत नाही."